विझलं, पण निवलं नाही

४ तारीख, बुधवार

बाळा,

पोचले. आशीर्वाद आधी घे, रागवायचं ते पुढे रागव.

फोनवर गाठलं की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस, आणि लेकीचं नाव काढलं की त्याच्याही आधी ठेवतोस. म्हणून हा कागद. कागद ठेवून देता येतो, पण त्यातलं बोलणं मधेच तोडता येत नाही. शिवाय माझा फोन बिघडलाय. कशाने ते पुढे कधीतरी. माझ्या वेलांट्यांना हसू नकोस. तिसरीत शाळा सुटली तेव्हा गुरुजींच्या अर्ध्याच शिकवून झाल्या होत्या, उरलेल्या मी अंदाजाने देते.

अरे, मी उडाले! या वयात! तुझ्या दुकानासमोर तो मालाचा टेम्पो उभा राहतो ना, त्याला पंख लाव, की झालं तुझ्या लेकीचं, आपल्या भिंगरीचं विमान. आत चालवणारीसकट सहा डोकी, तीही एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. आणि पुढे पांढरा सदरा घालून, कानाला ते वाट्यांसारखं लावून बसलेली कोण? जी शेंबूड पुसायला माझाच पदर ओढायची ती! मला इतकं हसू येत होतं की शेजारच्यांना वाटलं म्हातारी घाबरली. शेजारी दातांचे डॉक्टर होते. भला माणूस, पण घाबरट. जन्मभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणणारा, विमान वर उचललं तेव्हा स्वतःच आ करून बसला.

बसायच्या आधी तिने सगळ्यांना रांगेत उभं केलं. "फोन चार्ज करायच्या डब्या कोणाकडे आहेत? हातात धरून दाखवा. फुगलेली, पडलेली, भिजलेली असेल तर ती इथेच राहील. विमानात कोणी काही चार्जिंगला लावायचं नाही. सामानात तर नाहीच नाही." अगदी मास्तरीणबाई. विमान एवढंसं, चालवणारी एकटी, मागे काही झालं तर उठून येणार कोण? म्हणून मागच्या खुर्चीवाल्यांना ती कामं नेमून देते. डॉक्टरांना लाल नळकांडं कसं दाबायचं ते दाखवलं. मला म्हणाली, "आजी, पाण्याच्या बाटल्या तुझ्या पायाशी आहेत." मी म्हटलं, "एवढ्या? पाणपोई काढलीस का गं?" ती हसली नाही. कामावर असली की हसत नाही. अगदी तुझ्यासारखी. हे वाक्य खोडणार होते, पण शाई वाया जाते.

तिची खोली उड्डाणाच्या मैदानाला लागून. खिडकीतून विमानं दिसतात, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका ओळीत. स्वयंपाकघराचं मात्र काही विचारू नकोस. एक पातेलं, एक सुरी, तवा नाहीच. पोरगी पावावर जगते.

माझी तब्येत उत्तम. डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे, तव्याचा चटका बसला, काळजी नको. मी निघताना तू हातात कोंबलेली चार्जिंगची डबी नीट आहे. म्हणजे आहे.

सूनबाईला सांग, गुडघ्याचं तेल विसरले.

आई


९ तारीख, सोमवार

बाळा,

तुझं पत्र मिळालं. साडेतीन ओळी! विजेच्या बिलावर याहून जास्त मजकूर असतो.

लिहितोस, "तवाच नाही तर चटका कशाचा?" वकील व्हायचं सोडून बॅटऱ्यांच्या धंद्यात कशाला पडलास रे? बरं. चटका तव्याचा नव्हता. विमानात जरासा धूर झाला. जरासाच. आता सगळे ठणठणीत आहेत. विमानाला मागे काळा डाग पडलाय, आणि मिस्त्री, म्हणजे विमानं दुरुस्त करतो तो, त्या डागाकडे बघून रोज माझ्याकडे बघतो.

एवढ्यावर भागव म्हटलं तर तू भागवणार नाहीस. पण मला आधी दुसरंच बोलायचंय, ऐक.

त्या खोक्याच्या दिवशी मी तिथेच होते. तुम्ही दोघे विसरता की म्हातारीला डोळे आहेत. तू जुन्या लॅपटॉपांतून काढलेले सेल जोडून डब्या केल्या होत्यास, लांबच्या गावात पाठवायच्या होत्या, मालाला रस्त्याने आठवडा लागतो. लेकीचं विमान जातंच आहे म्हणून खोकं दिलंस आणि वर लिहिलंस 'खेळणी'. तिने उचलून बघितलं, वजनावरूनच ओळखलं. सगळ्या हमालांदेखत खाली ठेवलं. "बाबा, हे मी नेणार नाही." तू म्हणालास, "बापाचं खोकं जड झालं?" ती म्हणाली, "खोकं जड नाही, वरचं नाव खोटं आहे." मग तू ते म्हणालास, जे म्हणायचं नव्हतं: "विमान उडवायला लागलीस म्हणून बापाच्या वर गेलीस का?"

तेव्हापासून एक शब्द नाही. दोघंही माझ्याशी बोलता. मी म्हणजे मधली भिंत, दोन्ही बाजूंनी खिळे ठोकायला.

बरं, त्या दिवशी तू चुकलास की ती, हे मी काढत नाही. मी काढते ते एवढंच, की विमानात बसायच्या आधी तिने डब्यांचं विचारलं तेव्हा मी गप्प बसले. हात वर केला नाही. मनात म्हटलं, बाळाची डबी बघितली की हिच्या कपाळाला आठी पडायची, नको बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढचं पुढच्या पत्रात. बोटं दुखतात. खरंच दुखतात, हा बहाणा नाही.

आई


१४ तारीख, शनिवार

बाळा,

आता सगळं लिहिते. वाचताना बसून घे.

तुझी डबी मला जिवापाड. तू ती दिलीस तेव्हा नुसतं "फोन बंद पडायला नको" म्हणालास, पण तुझं प्रेम नेहमी असं सामानातूनच बाहेर येतं, मला ठाऊक आहे. म्हणून तिला धक्का लागू नये अशी बांधली. आधी रुमालात, मग तुझ्या बापाच्या लोकरी स्वेटरात, घट्ट, बाळंतिणीच्या पोरासारखी. आणि उतरल्याबरोबर तुला फोन करता यावा म्हणून फोनही तिला जोडूनच आत ठेवला. पिशवी मागच्या जाळीत टाकली, माझ्या खुर्चीच्या पाठीमागे. शहाणपणा बघ माझा! तिने जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते ते सगळं मी एका पिशवीत केलं.

आणि आदल्या दिवशी ती फडताळावरून फरशीवर पडली होती. तेही मी कोणाला बोलले नव्हते.

वर गेल्यावर छान चाललं होतं. खाली शेतं, जुन्या साडीला ठिगळं लावावीत तशी. डॉक्टरांनी नुकतंच तोंड मिटलं होतं. एवढ्यात गोडसर वास आला. नखांचा रंग पुसायचं पाणी असतं ना, तसा. मला वाटलं डॉक्टरांचंच काही औषध असेल. मग मागून फुसफुस. मग धूर, पांढरा, दाट. मी वळून बघते तर माझीच पिशवी!

आमच्याही कानांवर तशाच वाट्या चढवल्या होत्या, त्यांतून भिंगरीचा आवाज आला. मान न वळवता. "मागे काय जळतंय? कोण बघतंय?"

मी म्हटलं, "मी बघतेय गं! माझीच पिशवी!" आणि अंगावरची शाल ओढून काढली. आपण काय करतो? कढईने पेट घेतला की झाकण टाकतो. पोराच्या कपड्याला ठिणगी लागली की कांबळं टाकतो. जन्मभर हेच केलं. मी शाल टाकणार तोच ती ओरडली. अरे, काय ओरडली! अगदी तू दुकानात ओरडतोस तसं.

"आजी, झाकू नको! झाकू नको! उघडं कर! हाताने नाही, तुझ्या काठीने!"

मी काठीच्या मुठीने पिशवीचं तोंड ओढलं, स्वेटर बाजूला काढला. काढताना दोन बोटं लागलीच. आत जाळ. डॉक्टरांनी आधी लाल नळकांडं उलटं धरलं, मग सुलटं, मग फुस्सकन दाबलं. जाळ गेला. मी टाळी वाजवली म्हण. "विझलं गं, विझलं!"

"विझलं, पण निवलं नाही," ती म्हणाली. "पाणी ओत. डबीवरच ओत. थांबू नको."

मला पटेना. विझलेल्यावर पाणी कशाला नासायचं? पण हात चालवला. आणि खरंच रे, एवढ्यात आतून फट्‌ झालं आणि दुसरा जाळ उठला. डॉक्टरांनी पुन्हा फुस्स. मी पाणी. एक बाटली, दुसरी, तिसरी. पाणपोई म्हणून हसले होते ना, तीच पाणपोई. पिशवी जागची हलवू नको, हातात धरू नको, पाणी चालू ठेव, असं ती सांगत होती, आणि त्याच तोंडाने खालच्या माणसाशीही बोलत होती, आणि त्याच हातांनी विमान वळवत होती. तिने बाजूची छोटी खिडकी उघडली, धूर जरा निघाला. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव. डॉक्टर मोठ्याने देवाचं नाव घेत होते. मी म्हटलं, "देवाला सांगा बाटलीचं झाकण उघडून द्यायला, माझी बोटं भाजलीत." तेव्हा भानावर येऊन त्यांनी झाकणं उघडली.

ती नेहमीच्या जागी गेलीच नाही. जवळच फवारणीच्या विमानांसाठी गवताची एक पट्टी होती, तिथे उतरली. धाड धाड आपटलो, पण उतरलो. "दार उघडा, पिशव्या सोडा, लांब पळा." मी चपला शोधत होते, तर माझ्या नातीने मला बखोटीला धरून अनवाणी पळवलं. असं मला तुझ्या बापानेही कधी धरलं नव्हतं.

गवतात बसल्यावर तिचे हात कापायला लागले. तोवर नाही. तेव्हा.

मी विचारलं, "मघाशी नाही कापले ते?"

म्हणाली, "मघाशी कामात होते आजी."

मग तिने विमानातून दुरूनच काठीने ती काळी डबी बाहेर ओढली, पाण्याच्या डब्यात टाकली, आणि तिच्या अंगावरचा उरलेला कागद बघितला. तुझ्या दुकानाचा शिक्का होता. अर्धा जळलेला, पण तू तो हिरव्या शाईत मारतोस, कोणीही ओळखेल.

मला बोलली असती तर बरं झालं असतं.

तुझ्या बापाचा स्वेटर गेला. एक बाही उरली आहे.

आई


२४ तारीख, मंगळवार

बाळा,

तुझं पत्र वाचलं. "माझ्या डबीत दोष नसतो. तू पाडली असशील." या वेळी दोनच ओळी. प्रगती उलटी चालली आहे.

हो, पाडली. कबूल. गुंडाळली, जोडून ठेवली, लपवली, तेही कबूल. पण बाळा, डबी पडायचीच रे. लोकांच्या हातून वस्तू पडतात. तुझ्या दुकानातून निघालेली प्रत्येक डबी काय तुझ्यासारख्याच्याच हातात राहणार आहे? म्हाताऱ्या असतात, पोरं असतात, घाईत असणारी माणसं असतात. पडल्यावर नुसता पोचा आला तर चालेल. पेटता कामा नये.

मिस्त्रीने ती उघडली. मीही शेजारी उभी होते, चष्मा लावून. आत सात सेल. पाच एका जातीचे, दोन दुसऱ्याच, जुने, आणि त्यातल्या एकाच्या अंगावरचं वेष्टण टोकाला फाटलेलं. मिस्त्री म्हणाला, "जोडणारा हात चांगला आहे. कथलाचा टाका बघा किती साफ. माल मात्र भंगारातला." मला दोन्ही ऐकू आलं. आईला पहिलं आधी ऐकू येतं.

मग साहेब आले, तिच्या कंपनीचे. कोणाची डबी, कुठून आली, सगळं विचारणार. ते यायच्या आधी मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "सांग, आजीने बाजारातून घेतली. कुठून ते आठवत नाही. म्हाताऱ्या माणसाला नाही आठवत. घालूया की पांघरूण, आपलाच आहे तो."

मग म्हणाली, "आजी, पांघरूण घातलं म्हणून तर पेटली."

तेवढंच. रागाने नाही. मला बोटावरची पट्टी बदलताना म्हणाली, तशी साधी.

अरे, मी हा शब्द जन्मभर वापरला. तू शाळेत कोणाची दौत फोडलीस, घाल पांघरूण. तुझा बाप शेजाऱ्याशी तडातडा बोलला, घाल पांघरूण. तुम्ही दोघे भांडलात, मी इकडे सांगितलं 'तिला तुझी आठवण येते', तिकडे सांगितलं 'त्याला तुझी आठवण येते', आणि वाटलं, झालं, विझलं. जाळ दिसत नव्हता ना! आत एकाची धग दुसऱ्याला लागत होती, दुसऱ्याची तिसऱ्याला. मला वाटायचं पांघरूण म्हणजे माया. असतंही. थंडीत. पण जे आतून तापलेलं असतं त्याला पांघरूण म्हणजे भट्टी. त्याला वारा हवा, पाणी हवं, आणि जाळ गेल्यावरही कोणीतरी शेजारी बसून ओतत राहायला हवं. हे मला ते विमान शिकवून गेलं बघ. गुरुजींनी अर्ध्या वेलांट्यांतच सोडलं होतं.

साहेबांना तिने काय सांगितलं ते सांगते. मी दाराआडून ऐकलं, दाराआड उभं राहायची मला जुनी सवय आहे. ते म्हणाले, "डबी कोणी बनवली?" ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी." त्यांनी कागदावर लिहून घेतलं. "आणि सामानात कशी गेली?" म्हणाली, "प्रवासी माझी आजी होती. बाकीच्यांच्या पिशव्या उघडून बघितल्या, तिची बघितली नाही. आजी म्हणून सोडली. चूक माझी." आता त्यांनी तिला काही दिवस जमिनीवर ठेवलंय. उडायचं नाही. रोज सकाळी खिडकीत चहा घेऊन उभी असते, ओळीत वाळणारी विमानं बघत. चहा निवून जातो, पीत नाही.

म्हणजे बघ, तिने स्वतःवरही पांघरूण घातलं नाही.

आता तुला मागायचं ते मागते. 'लेक बरोबर होती' असं म्हणू नकोस, तुझ्या घशाखाली ते उतरायचं नाही, मीच तुला असा हट्टी वाढवलाय. पण तुझ्या त्या डब्या अजून लोकांकडे आहेत. आपल्या समोरची शिंपीण ती उशाखाली ठेवते, तिचा नातू शेजारी झोपतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिथे विमान नाही, नळकांडं नाही, भिंगरी नाही. शिंपीण काय करेल? जे मी केलं असतं तेच. गोधडी टाकेल.

परत मागव रे त्या. दुकानाचं नाव जाईल म्हणशील. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

उत्तर नको पाठवूस. कर.

आई


२ तारीख, बुधवार

माझ्या बाळा,

सूनबाईचं पत्र काल दुपारी आलं. तुझ्या अक्षरात दुकानाबाहेर पाटी लागली म्हणे. 'आमच्या दुकानातल्या हिरव्या शिक्क्याच्या डब्या वापरू नका, परत आणून द्या.' आणि शिंपिणीकडे तू स्वतः गेलास, ती देईना, "चांगली चालतेय की" म्हणाली, तेव्हा तू तिच्या दारात बसून राहिलास. मी हे तीनदा वाचलं. मग भिंगरीला वाचायला दिलं. ती वाचून आत गेली आणि पातेलं घासत बसली. घासलेलंच होतं.

संध्याकाळी तुझा फोन आला. तिकडे काय झालं ते तुला माहीत आहे. इकडचं मी सांगते, तुला दिसलं नसेल.

पडद्यावर तुझं नाव बघून तिने माझ्याकडे फोन सरकवला. मी हात पदराखाली घेतले. म्हटलं, "माझी बोटं भाजलीत." पट्टी कधीच सुटली आहे, पण म्हटलं. वाजून वाजून बंद पडेल की काय असं वाटलं तेव्हा तिने उचलला. मग मला तुझा आवाज आला, लांबून, खोल डब्यातून यावा तसा.

"परत आलेल्या डब्या कशात ठेवू?"

इतक्या दिवसांनी बापाने लेकीला विचारलं काय, तर हे! मी कपाळावर हात मारणार होते. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हात खाली घेतला. तिचा चेहरा असा झाला होता की जणू तू तिला हाक मारलीस, लहानपणची.

"एकावर एक रचू नका बाबा," ती म्हणाली. "टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेल्या वेगळ्या. लोखंडी डब्यात वाळू घाला, दुकानाबाहेर ठेवा, उन्हात नको." तू मधे मधे "हं" म्हणत होतास. तुझं "हं" मला भिंतीतूनही ओळखू येतं. मग ती थांबली. तुझंही संपलं असावं. आता ठेवतो म्हणणार, म्हणून माझा जीव टांगणीला.

तेव्हा तिने विचारलं, "बाबा, सेल जुना आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? प्रवाशांच्या हातात बघून कळेल असं काही?"

अरे, मग काय! तुझं जे सुरू झालं! वजन, आवाज, टोकाचा रंग, कुठला कसा दगा देतो. ती खाली फरशीवर बसून ऐकत होती, पायाचा अंगठा हलवत, लहानपणी तुझ्या दुकानात स्टुलावर बसून हलवायची तसा. मधेच म्हणाली, "थांबा, हे लिहून घेते." मधेच तुमचं वाजलंही. ती म्हणाली, "नाही बाबा, तसं नसतं." तू म्हणालास, "मला शिकवू नकोस." आणि दोघंही तसेच पुढे बोलत राहिलात! कोणी ठेवला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. तवा आणलाय मी आता, त्याच्याशीच हसले.

खोक्याचं कोणी काढलं नाही. निघेल कधीतरी. निघू दे. मी आता मधे येणार नाही, बादली घेऊन बसेन फक्त.

तुमचं संपलं तेव्हा अंधारायला लागलं होतं. तिने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता. आणि बाळा, तो फोन इतका तापला होता! हाताला चटका बसावा इतका. जन्माची सवय, पदर पुढे झालाच होता माझा. मागे घेतला.

गार फरशीवर ठेवला, उघडा. आणि तो निवेपर्यंत शेजारी बसून राहिले.

आई